द्रुतगती मार्गावरचा वेग कोण ठरवते : रस्ता, मर्यादेची पाटी की आपण सारे चालक?

मार्गस्थ (धागाकर्ता)

मुंबई–पुणे यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग २००२ मध्ये संपूर्णपणे खुला झाला. तेव्हापासून त्याविषयीची आपली चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते : वेगमर्यादा किती असावी? सुरुवातीची ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पुढे मैदानी भागात कारसाठी १०० झाली आणि घाटात ती बरीच कमी ठेवण्यात आली. २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाल्यावर ई-चलनांची संख्या वाढली आणि हा वाद अधिकच तापला. मर्यादेचा प्रश्न सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे, हे मला मान्यच आहे. परंतु प्रवासाला किती वेळ लागतो याच्याशी त्याचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी आहे, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी हिशेब पाहू. कळंबोली ते किवळे हे अंतर साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. ढोबळमानाने त्यातले ८० किलोमीटर मोकळे आणि १५ किलोमीटर घाटाचे धरू. मोकळ्या भागात ताशी १०० किलोमीटर वेग ठेवला तर ४८ मिनिटे लागतात. शनिवारी सकाळी घाटात वाहतूक ताशी २० किलोमीटरने सरकत असेल तर तेवढ्या पंधरा किलोमीटरना ४५ मिनिटे जातात, म्हणजे एकूण ९३ मिनिटे. आता कोणी मर्यादा मोडून मोकळ्या भागात १२० ने गाडी हाकली, तर त्याची आठ मिनिटे वाचतात. त्याउलट मोकळ्या भागातला वेग १०० च ठेवून घाटातला वेग २० वरून ४० वर आला, तर प्रत्येकाची साडेबावीस मिनिटे वाचतात. पहिल्या पर्यायात धोका वाढतो आणि लाभ एकट्याला होतो. दुसऱ्या पर्यायात धोका कमी होतो आणि लाभ सर्वांना होतो.

मग घाटातला वेग २० वर का येतो? चढ हे त्याचे पहिले कारण आहे. पस्तीस टन वजनाचा, साधारण १८० अश्वशक्तीचे इंजिन असलेला ट्रक शंभर मीटरला चार मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी पंचविसाच्या आसपासच राहणार, कारण तेवढे वजन त्याहून वेगाने वर नेण्याइतकी शक्ती त्या इंजिनात नसते. तोच ट्रक रिकामा असेल तर त्याच चढावर साठाच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच वेळी २५ ने चढणारे भरलेले ट्रक, साठाने चढू पाहणारे रिकामे ट्रक आणि त्याहून वेगाने जाऊ शकणाऱ्या कार एकत्र येतात. वेगांतली ही तफावत रस्त्याने निर्माण केलेली असते, परंतु ती डाव्या मार्गिकेपुरती मर्यादित राहील की तिन्ही मार्गिकांत पसरेल, हे मात्र चालकांचे वर्तन ठरवते. भरलेला ट्रक डावीकडेच राहिला तर उरलेल्या दोन मार्गिका वाहत राहतात. २५ ने चालणारा ट्रक २० ने चालणाऱ्या ट्रकला ओलांडण्यासाठी मधल्या मार्गिकेत आला, आणि त्याच्यामागे अडकलेला तिसरा ट्रक उजवीकडे वळला, की सहापदरी महामार्गाची क्षमता त्या तीन ट्रकांच्या वेगाइतकी उरते.

मैदानी भागातही हेच घडते, फक्त कमी ठळकपणे. सर्वांत उजवी मार्गिका ओलांडण्यासाठी आहे हे पाटीवर लिहिलेले असूनही ताशी ८० ने निवांत चालणाऱ्या कार पनवेलपासून खालापूरपर्यंत तिच्यातून हलत नाहीत. मागचा चालक दिवे मारतो, कंटाळतो आणि डावीकडून ओलांडतो. डावीकडून आलेल्या त्या कारमुळे मधल्या मार्गिकेतल्या एकाला ब्रेक दाबावा लागतो, त्याच्यामागच्याला थोडा अधिक जोराने, आणि त्याच्याही मागच्याला आणखी जोराने.

या मार्गाने नियमित जाणाऱ्यांचे, विशेषतः मालवाहतुकीच्या व्यवसायातल्या सदस्यांचे अनुभव येथे यावेत, अशी विनंती आहे.

पळसदरी

मार्गस्थ, तुमचा हिशेब पटला, परंतु चालकांवर तुम्ही थोडा अधिक भार टाकला आहे, असे वाटते. बोरघाटातल्या कोंडीचे मूळ आखणीत आहे. सहा पदरांचा द्रुतगती मार्ग आणि चार पदरांचा जुना मुंबई–पुणे महामार्ग हे दोन्ही आडोशी बोगद्याजवळ एकत्र येतात आणि खंडाळ्याला पुन्हा वेगळे होतात. या दरम्यान दहा पदरांची वाहतूक सहा पदरांतून जाते. ही जागा नेमकी चढाची, वळणांची आणि कडेला फारशी मोकळी जागा नसलेली. येथे सर्व चालक आदर्श वागले, तरी गर्दीच्या दिवशी रांग लागणारच.

येथल्या अडचणी एकेक करून दूर होत आल्या आहेत, हेही खरे. ब्रिटिशांच्या काळातला, १८३० मध्ये बांधलेला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पाडण्यात आला. त्याच्या खांबांमुळे ऐन चढावर रस्ता आक्रसत असे. त्या जागी प्रत्येक वाहनाचा वेग पडायचा आणि पुढे रस्ता मोकळा असूनही मागची रांग वाढत जायची. खोपोली एक्झिट ते कुसगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या मिसिंग लिंकची, म्हणजे घाट टाळणाऱ्या नव्या जोडमार्गाची, आखणीही याच दोषावरचा उपाय म्हणून झाली. सध्याचे १९ किलोमीटरचे अंतर त्याने सहा किलोमीटरने घटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे द्रुतगती मार्गाची वाहतूक जुन्या महामार्गाच्या वाहतुकीत मिसळण्याची गरज राहत नाही. वेगांतली तफावत ही कोंडीची जननी असेल, तर दोन प्रवाह वेगळे करणे हा तिच्यावरचा सर्वांत थेट उपाय आहे आणि तो चालकांच्या सद्बुद्धीवर अवलंबून नाही.

डांबरी वाट

आमच्या घरचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. न्हावा शेवा बंदरातून चाकण आणि रांजणगावकडे आमच्या गाड्या जातात, आणि मी स्वतः अनेक वर्षे गाडी चालवली आहे. ट्रकचालक डावी मार्गिका का सोडतात, हा प्रश्न नेहमी बेशिस्त या एका शब्दात निकालात काढला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा हलवणे फार कठीण असते. क्लच जळतो, गाडी मागे सरकण्याची भीती असते, इंजिन तापते. त्यामुळे चालकाचा सगळा प्रयत्न गाडी थांबू न देण्याचा असतो. आता डाव्या मार्गिकेत काय असते ते पाहा. घाटात बंद पडलेल्या गाड्या डावीकडेच उभ्या असतात, पाणी टाकण्यासाठी थांबलेल्या गाड्या डावीकडेच असतात, आणि कडेला पुरेशी रुंद पट्टी नसल्यामुळे त्या अर्ध्या मार्गिकेत येतात. समोर अशी गाडी दिसली की मागच्या भरलेल्या गाडीच्या चालकापुढे दोनच पर्याय राहतात : चढावर थांबायचे किंवा मधल्या मार्गिकेत शिरायचे. तो दुसरा पर्याय निवडतो, आणि एकदा तेथे गेल्यावर पुन्हा डावीकडे येण्याचे धाडस त्याला होत नाही, कारण पुढे आणखी एक गाडी उभी असेल असे त्याला वाटते. घाट चढणाऱ्या वाहनांसाठी ठराविक अंतरावर रुंद थांबे असते, तर निम्म्या गाड्यांनी डावी मार्गिका सोडली नसती.

उतरणीविषयीही सांगितले पाहिजे, कारण तेथे चूक पूर्णपणे आमच्या बाजूची आहे आणि ती मी झाकणार नाही. डिझेल वाचवण्यासाठी घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अजून गेलेली नाही. गिअर काढला की इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात आणि शेवटी त्यांची पकडच राहत नाही. मग ती गाडी समोरच्या पाच-सहा गाड्यांवर आदळते, आणि खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रांगा लागतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. तो पाळला तर गाडी सावकाश उतरते, परंतु वाहतूक थांबत नाही. माल पोहोचवण्याच्या वेळेचे बंधन आणि डिझेलमागचे बक्षीस या दोन गोष्टी मालकांनी ठरवलेल्या असतात, हेही येथे नोंदवतो. आमच्याकडे डिझेलच्या बचतीवर बक्षीस देण्याची पद्धत आम्ही बंद केली.

मार्गस्थ

डांबरी वाट, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. न्यूट्रलविषयी तुम्ही इतक्या स्पष्टपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. चढावर न थांबण्याची निकड मला पूर्ण समजते. तरीही ओलांडण्याला किती वेळ लागतो, हे एकदा आकड्यांत पाहावे असे वाटते, कारण केबिनमध्ये बसलेल्या चालकाला तो वेळ जाणवत नसावा.

दोन्ही ट्रक बारा-बारा मीटर लांब धरले आणि आधी व नंतर वीस-वीस मीटर अंतर राखले, तर मागच्या ट्रकला पुढच्यापेक्षा ६४ मीटर अधिक कापावे लागतात. एक २५ ने आणि दुसरा २० ने चालत असेल तर वेगातला फरक ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. ६४ मीटर भरून काढायला ४६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ओलांडणारा ट्रक सुमारे ३२० मीटर पुढे गेलेला असतो. त्या पाऊण मिनिटात त्याच्यामागे कारची दाट रांग तयार होते, आणि ट्रक बाजूला झाल्यावरही ती रांग लगेच विरत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ग्रामीण महामार्गाची क्षमता मोजताना एक ट्रक तीन कारच्या बरोबरीचा धरला जातो. दीर्घ चढावर भरलेल्या ट्रकचा प्रत्यक्ष भार त्याहूनही अधिक होतो.

पळसदरी, आखणीचा दोष मी नाकारत नाही. रस्ता वेगाची कमाल पातळी ठरवतो आणि त्या पातळीच्या किती जवळ आपण पोहोचतो हे चालकांच्या वर्तनावर ठरते, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्या रविवारी घाटात कोणतीही गाडी बंद पडलेली नसते, त्या रविवारीही आडोशीच्या अलीकडे वाहतूक थबकते, आणि तेथे पोहोचल्यावर थबकण्याचे कारण सापडत नाही. त्याचे स्पष्टीकरण केवळ पदरांच्या संख्येत मिळत नाही.

नेकारकाठ

मी गेली काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. ४६ सेकंदांचा हिशेब वाचून आश्चर्य वाटले, कारण येथे हा विषय न्यायालयापर्यंत गेलेला आहे. दोन ट्रकांनी एकमेकांना ओलांडताना बराच काळ रस्ता अडवून ठेवण्याला येथे गमतीने हत्तींची शर्यत म्हणतात. २००८ मध्ये एका वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाने त्याला मोजमाप दिले : ओलांडण्याची क्रिया साधारण ४५ सेकंदांत पूर्ण झाली पाहिजे, आणि त्यासाठी दोन वाहनांच्या वेगांत ताशी १० किलोमीटरच्या आसपास फरक हवा. त्याहून अधिक काळ लागला आणि मागची वाहतूक अडली, तर दंड होऊ शकतो. अनेक चढांवर ट्रकना ओलांडण्यास सरळ बंदी असते.

ऑटोबानवर वेगमर्यादा नसते म्हणून तेथील लोक वेगात पोहोचतात, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात मर्यादा नसलेल्या भागातही ताशी १३० ची शिफारस असते, आणि गर्दीच्या पट्ट्यांत विजेच्या फलकांवर १२०, १००, ८० अशी उतरती मर्यादा लागते. मला जी गोष्ट खरोखर उपयोगाची वाटली ती वेगळीच आहे. ओलांडून झाले की प्रत्येक जण उजवीकडे, म्हणजे आपल्याकडच्या डाव्या बाजूला, परत येतो. कायदा तसा आहे आणि गाडी शिकवताना त्याचाच सर्वांत जास्त सराव करून घेतला जातो. त्यामुळे आरशात पाहून मागून येणाऱ्याचा अंदाज घेता येतो. आपल्याकडे वाहन कोणत्या बाजूने ओलांडून जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक चालक कायम थोडा दबकून चालवतो, आणि त्या दबकण्यानेही वेग कमी होतो.

दुसरी गोष्ट वाहतूक थबकल्यानंतरची. रांग लागताच सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतली वाहने आणखी डावीकडे आणि बाकीची उजवीकडे सरकतात, त्यामुळे मध्ये रुग्णवाहिकेसाठी आणि क्रेनसाठी वाट तयार होते. ही वाट रांग लागत असतानाच करावी लागते, मागून भोंगा ऐकू आल्यावर उशीर झालेला असतो. बोरघाटात बंद पडलेल्या गाडीपर्यंत क्रेन पोहोचायलाच जो वेळ लागतो, तो यामुळे पुष्कळ कमी होईल.

अंकगणित

एक शंका आहे. वाहनांमध्ये तीन सेकंदांचे अंतर ठेवा, असे रस्ता सुरक्षेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितले जाते. परंतु तासाचे ३६०० सेकंद भागिले तीन केले तर एका मार्गिकेतून तासाला केवळ १२०० वाहने जातील. दोन सेकंद ठेवले तर १८००. मग सर्वांनी शिस्त पाळली तर कोंडी वाढणार नाही का? जवळ-जवळ चालणारे चालक एका अर्थाने रस्त्याचा अधिक चांगला उपयोग करत आहेत, असे म्हणता येईल का?

मार्गस्थ

अंकगणित, या शंकेचे उत्तर थोडे लांबेल. चांगल्या स्थितीतल्या द्रुतगती मार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला २००० ते २४०० कार जाऊ शकतात, असे अमेरिकेतल्या मोजमापांवरून मानले जाते. म्हणजे गर्दीच्या वेळी लोक सरासरी दीड ते पावणेदोन सेकंदांचेच अंतर ठेवतात. तुमचे गणित त्या दृष्टीने बरोबर आहे. अडचण अशी की ही अवस्था अस्थिर असते. एकाने किंचित ब्रेक लावला, की मागच्याच्या प्रतिसादाला लागलेला वेळ भरून काढण्यासाठी त्याला थोडा जास्त ब्रेक लावावा लागतो, आणि हा धक्का मागे-मागे वाढत जातो. शेवटी कोणी तरी पूर्ण थांबते. एकदा प्रवाह असा कोलमडला, की त्या जागेतून बाहेर पडणाऱ्या वाहनांची संख्या आधीच्या कमाल संख्येपेक्षा साधारण पाच ते पंधरा टक्क्यांनी घटते, कारण थांबलेला प्रत्येक चालक पुन्हा निघताना थोडा रेंगाळतो. जवळ-जवळ चालून मिळवलेली क्षमता अशा रीतीने गमावली जाते, आणि ती परत मिळण्यासाठी गर्दी ओसरण्याची वाट पाहावी लागते.

हे जपानमध्ये प्रयोगाने दाखवून झाले आहे. नागोया येथील संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ कार सोडल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग राखण्यास सांगितले. तेथे चढ नव्हता, खड्डा नव्हता, वळून येणारा रस्ता नव्हता. तरीही काही वेळाने थांबलेल्या गाड्यांचा पुंजका तयार झाला आणि तो ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकू लागला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत ॲरिझोना राज्यात तशाच वर्तुळात एक स्वयंचलित कार मिसळण्यात आली. ती समोरच्या गाडीच्या मागे धावत जाऊन थांबण्याऐवजी सरासरी वेगाने चालत राहायची. वीसच्या आसपास गाड्यांत एकच अशी गाडी असूनही थांबण्याच्या लाटा विरल्या. घाटाच्या पायथ्याशी ज्या थबकण्याचे कारण सापडत नाही असे मी वर म्हटले, ते बहुधा याच प्रकारचे असते.

आता तीन सेकंदांविषयी. ताशी १०० वेगाला तीन सेकंद म्हणजे ८३ मीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार याच वेगाला थांबण्यासाठी १८० मीटर दृष्टिअंतर धरले जाते. म्हणजे हे तीन सेकंद समोरचा ब्रेक लावून थांबत असतानाच पुरेसे आहेत. समोर आधीच उभे असलेले वाहन अचानक दिसले तर ते पुरत नाहीत. त्यामुळे गर्दी वाढली की अंतर घटवण्यापेक्षा वेग घटवणे हा योग्य मार्ग ठरतो. लंडनभोवतीच्या एम २५ महामार्गावर १९९५ पासून हेच केले जाते. गर्दी वाढू लागली की सर्व मार्गिकांवरची मर्यादा ताशी ७० मैलांवरून ६० आणि नंतर ५० वर आणली जाते. सर्वांचा वेग सारखा झाला की मार्गिका बदलण्याचा लाभ उरत नाही, ब्रेक कमी लागतात आणि प्रवाह कोलमडण्याची वेळ पुढे ढकलली जाते. आपल्या द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांना वाहनांचा वेग आज कळतोच आहे. त्या माहितीचा उपयोग केवळ चलन काढण्यासाठी न होता खालापूरच्या आधी असे बदलते फलक चालवण्यासाठी झाला, तर मला त्या यंत्रणेविषयी अधिक आदर वाटेल.

श्रावणधारा

पावसाळ्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. लोणावळ्यात एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे वर्षातले चार महिने या मार्गाचा निम्मा भाग वेगळ्याच रस्त्यासारखा वागतो. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार जोरदार पावसात द्रुतगती मार्गावरचा सरासरी वेग ३ ते १६ टक्क्यांनी घटतो. मला हा आकडा धक्कादायक वाटतो, कारण घट आवश्यकतेपेक्षा फार कमी आहे. कोरड्या काँक्रीटवर ताशी १०० वेगाची कार ब्रेक लावल्यानंतर साधारण ५५ ते ६० मीटरमध्ये थांबत असेल, तर ओल्या रस्त्यावर घर्षण घटल्यामुळे तेच अंतर शंभर मीटरच्या जवळ जाते. प्रतिसादाच्या वेळेतले अंतर यात धरलेलेच नाही.

त्याहून गंभीर प्रकार पाण्यावर तरंगण्याचा. टायरखालचे पाणी खाचांतून बाहेर फेकले गेले नाही, तर टायर रस्त्यावरून उचलला जातो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. यासाठीचे एक जुने सूत्र टायरमधल्या हवेच्या दाबावर आधारलेले आहे, आणि ३० पीएसआय दाबाला त्याचे उत्तर ताशी सुमारे ९० किलोमीटर येते. टायर झिजलेले असतील किंवा हवा कमी असेल, तर त्याहून कमी वेगातही हे घडते. म्हणजे साचलेल्या पाण्यात १०० ची मर्यादा पाळणारा चालकही सुरक्षित नसतो. काँक्रीटच्या पृष्ठभागावरच्या आडव्या खाचा पाणी वाहून नेण्यासाठीच असतात. वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने त्या गुळगुळीत झाल्या की पावसाळ्यापूर्वी त्या पुन्हा कोरून घेणे हे देखभालीचे काम आहे, आणि त्याकडे खड्ड्यांइतके लक्ष जात नाही.

वर्तनाविषयी एकच गोष्ट सांगते, पण अत्यंत कळकळीने. पाऊस वाढला किंवा बोगदा आला, की आपल्याकडचे अनेक चालक चारही इंडिकेटर लावून चालू लागतात. ते दिवे थांबलेल्या वाहनासाठी आहेत. चालत्या वाहनाने ते लावले, की मागच्याला ते वाहन उभे आहे की चालते आहे हे कळत नाही, आणि त्याने मार्गिका बदलण्याचा संकेत दिला तर तो दिसतच नाही. मग मागचा चालक घाबरून ब्रेक लावतो. भाताण, मडप आणि कामशेतच्या बोगद्यांच्या तोंडाशी मी हे नेहमी पाहते. जपानमध्ये बोगद्यांची तोंडे आणि उतार संपून चढ सुरू होण्याच्या जागा याच द्रुतगती मार्गावरच्या कोंडीच्या प्रमुख जागा मानल्या जातात, कारण तेथे चालकाच्या नकळत वेग पडतो. तेथे काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला पुढे सरकत जाणाऱ्या दिव्यांची रांग बसवली आहे, जेणेकरून चालकाने नकळत त्या दिव्यांच्या गतीशी आपला वेग जुळवावा. मिसिंग लिंकमधला एक बोगदा नऊ किलोमीटरच्या जवळपास लांबीचा आहे. पळसदरी, त्या बोगद्यात चढ आणि मिसळण्याचा प्रश्न सुटेल, परंतु तोंडाशी वेग पाडण्याची आणि आत चारही दिवे लावण्याची सवय आपण सोबत घेऊनच जाणार आहोत.

दरडींचा मुद्दाही आहेच. जुलै २०१५ मध्ये आडोशीजवळ दरड कोसळून प्राणहानी झाली, आणि २०२३ च्या जुलैतही तेथे दरड आली. तेथे जाळ्या बसवण्याची कामे झाली आहेत, तरी सैल दगड काढण्यासाठी मार्गिका बंद ठेवावी लागते, त्याला पर्याय नाही.

खाडीकाठ

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहते. येथील फ्रीवेवर चढणाऱ्या बहुतेक रस्त्यांवर सिग्नल असतो आणि गर्दीच्या वेळी हिरव्या दिव्यावर एक किंवा दोनच गाड्या सोडल्या जातात. नव्याने येणाऱ्याला हे विचित्र वाटते, कारण समोरचा फ्रीवे वाहताना दिसत असतो आणि आपल्याला मात्र थांबवून ठेवलेले असते. त्याचा उपयोग काय, याची फार चांगली परीक्षा मिनेसोटा राज्यात झाली. मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरातले असे सुमारे ४३० सिग्नल लोकांच्या तक्रारींमुळे २००० मध्ये काही आठवडे पूर्णपणे बंद ठेवण्यात आले. त्या काळात फ्रीवेवरून जाणाऱ्या वाहनांची संख्या ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. सिग्नल नसताना गाड्या पुंजक्यांनी फ्रीवेत शिरतात आणि मार्गस्थ यांनी सांगितलेली लाट सुरू होते.

आडोशीजवळ दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत येते, असे वाचले तेव्हा मला हेच आठवले. तेथे जुन्या महामार्गावरून येणारा प्रवाह थोडा थोडा करून सोडण्याची काही व्यवस्था आहे का?

मार्गस्थ

खाडीकाठ, सिग्नल नाही, परंतु त्याच विचाराचा एक ढोबळ प्रकार आहे. सलग सुट्ट्या आल्या की महामार्ग पोलीस गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना घाटाच्या आधी रोखून धरतात. काही वेळा पुण्याहून मुंबईकडे येणारी वाहतूक थोडा वेळ थांबवून त्या मार्गिकांवरून पुण्याकडे जाणारी वाहने सोडली जातात. भर उन्हात आणि पावसात उभे राहून हे काम करणाऱ्या पोलिसांविषयी मला मनापासून आदर आहे. त्रुटी एवढीच की हे रांग लागल्यानंतर केले जाते. प्रवाह एकदा कोलमडल्यावर क्षमता घटलेली असते, त्यामुळे तोच उपाय अर्धा तास आधी केला तर कितीतरी कमी काळ करावा लागेल. त्यासाठी खालापूर टोलनाक्यावर दर पाच मिनिटांना किती वाहने पुढे गेली, हे मोजणे पुरेसे आहे, आणि फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे तो आकडा त्या क्षणीच उपलब्ध असतो. डांबरी वाट, अशी आधी ठरवलेली थांबवणूक तुमच्या व्यवसायाला परवडेल का?

डांबरी वाट

परवडेल, पण दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे जागा. आज गाड्या रोखल्या की त्या द्रुतगती मार्गाच्या कडेलाच उभ्या राहतात आणि डावी मार्गिका तेथेच संपते. मग कारचालकांनाही त्याचा त्रास होतो आणि आमच्या चालकांना पाणी, शौचालय, सावली यांपैकी काहीही मिळत नाही. पनवेल ते खालापूर या दरम्यान शे-दोनशे गाड्या उभ्या राहतील असा एक तळ झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट आधी कळण्याची. शनिवारी सकाळी सहा ते बारा गाड्या सोडणार नाही, असे शुक्रवारी दुपारपर्यंत नक्की कळले, तर मी गाडी बंदरातून रात्री दहालाच काढतो, ती दोनच्या आत घाट चढून जाते. नाहीतर दुपारी काढतो. थांबवणूक सकाळी नऊ वाजता अचानक होते, तेव्हा गाडी पळस्प्याच्या पुढे गेलेली असते आणि चालकाला मागे फिरता येत नाही. चाकणच्या कारखान्यात माल उशिरा पोहोचल्याचा दंड मी भरतो, म्हणून मग पुढच्या वेळी चालक थांबवणूक सुरू होण्याआधी घाट गाठायचा म्हणून घाई करतो, आणि ज्या चढावर त्याने डावीकडे राहायला हवे, तेथे तो मधल्या मार्गिकेत शिरतो.